बोनेटवरचा हात

आमची वस्ती घाटमाथ्यावर का वसली, याचं शास्त्रीय उत्तर शोधायला मी इथे आलो होतो. भूगोलात एम. ए. केलेल्या माणसाला कुणीतरी कुठेतरी पाठवावंच लागतं. उत्तर पहिल्याच दिवशी मिळालं. चढ इतका उभा, की माथ्यावर येईपर्यंत ट्रकचं इंजिन उकळायचं आणि ड्रायव्हरला थांबणं भाग पडायचं. थांबलेल्या माणसाला भूक लागते, आपली दाढी वाढल्याचं आठवतं आणि टायरमध्ये हवा कमी असल्याचा संशय येतो. म्हणून एक खानावळ, एक न्हावी आणि एक पंक्चरवाला. झाला प्रदेशाचा विकास. प्रबंध मात्र राहिला, कारण खानावळवाल्याच्या मुलीशी माझं लग्न झालं. तेव्हापासून मी गल्ल्यावर बसतो. लोक मला घरजावई म्हणतात. मी स्वतःला क्षेत्रीय अभ्यासक समजतो.

भूगोल आणि अर्थकारण असं निकालात निघालं. संस्कृती उरली, ती सासऱ्यांच्या उजव्या तळहातात होती. गाडी येऊन उभी राहिली की सासरे, म्हणजे मामा, बाहेर जात, वैद्यानं कपाळावर ठेवावा तसा बोनेटवर हात ठेवत आणि स्वयंपाकघराच्या खिडकीकडे वळून एक बोट वर करत. एक बोट म्हणजे सावकाश. मध्येच पुन्हा हात लावून येत. शेवटी पंजा उघडला, की मावशी कढई चढवायची. मावशी म्हणजे बायकोची मावशी, मामांची मेहुणी. त्या दोघांचं आयुष्यभर पटलं नाही, पण ह्या खुणेवरून कधी वाद नव्हता.

त्यालाही कारण होतं. फार पूर्वी एका ड्रायव्हरला घाई होती, म्हणून मावशीनं त्याला लवकर वाढलं. तो जेवून उठला, तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडलं आणि चेहरा भाजून घेतला. त्या दिवसापासून इथे इंजिन निवायच्या आधी माणसाचं पोट भरत नाही.

मग इंजिनं सुधारली. घाट चढूनही गाड्या उकळेनात, थांबेनात. पण बोनेट कोमट लागायचंच, त्यामुळे जे थांबत त्यांनाही मावशी सावकाशच वाढायची. एका गिऱ्हाइकानं फोनवर एक तारा देऊन लिहिलं, ‘जेवण उत्तम. ते येईपर्यंत म्हातारा झालो.’ पंक्चरवाला पायथ्याला गेला. तिथे काचेच्या भिंतींचं हॉटेल झालं होतं, बटण दाबलं की ताट हजर. बायकोनं शहरातल्या बहिणीकडे दोन खोल्यांची चौकशी सुरू केली. मामांसमोर हा विषय निघाला की ते उठून मोकळ्या रस्त्याकडे बघत बसत.

अशात एका बस कंपनीचं कळलं. त्यांच्या बॅटरीवरच्या बसगाड्या ह्याच घाटानं जाणार होत्या आणि त्यांना वाटेत एक जेवणाचा थांबा हवा होता: पायथ्याचं काचेचं हॉटेल, नाहीतर आम्ही. पाहणीला त्यांच्या साहेबबाई येणार होत्या.

“हा थांबा मिळाला तर राहायचं, नाहीतर महिनाअखेर कुलूप,” बायको म्हणाली. “आणि अहो, तुम्ही भूगोल बोलायचा नाही.”

“बरं.”

“बाबा, तुम्ही मागच्या खोलीत बसायचं. गाडीला हात लावायचा नाही. ती बाई आली की ताट समोर गेलं पाहिजे.”

“म्हणजे मी अडगळ,” मामा म्हणाले आणि बिघडलेला रेडिओ घेऊन मागे गेले.

बाई आल्या. गाडीतून उतरताच त्यांनी एक वायर काढली. “प्लग आहे का? घाटानं निम्मी बॅटरी खाल्ली.” मी फ्रिजचा प्लग काढून त्यांचा लावला. त्या बाकावर बसल्या. बायको आत धावली.

मी ताटाची वाट पाहत राहिलो. ताट आलं नाही. आतून कुजबूज आली.

“मावशी, चढव ना कढई!”

“तुझ्या बापाचा हात कुठाय?”

“बाबा नाहीत आज. मी सांगतेय ना!”

“तू सांगशील गं. भाजलं कुणाला तर तू बघणारेस?”

“अगं, ती बॅटरीची गाडी आहे!”

“असेना. घाट तर तोच आहे.”

मुद्दा भौगोलिकदृष्ट्या बरोबर होता. शिवाय मावशीच्या हातात झारा होता.

बाहेर बाईंनी घड्याळ पाहिलं. मला राहवलं नाही आणि मी भूगोल बोललो. दरी, वारा, चढ, सगळं. ते ऐकून शेजारच्या दुकानातून न्हावी बाहेर आला.

“मॅडम, ह्यांचं ऐकू नका. हे वस्तीचा अभ्यास करायला आले आणि वस्तीतच अडकले. माशांचा अभ्यास करायला गेलेला माणूस गळाला लागावा, तशातली गत.”

बाई हसल्या. न्हाव्यानं मग बाकावर बैठकच मारली. कुठल्या ड्रायव्हरनं कुठल्या वळणावर काय सोडलं, कुणाची बकरी कुणाच्या ट्रकमधून परगावी गेली आणि लठ्ठ होऊन परत आली, हे सगळं तो अर्धी दाढी केलेल्या गिऱ्हाइकाला खुर्चीत तसंच ठेवून सांगत होता. थोड्या वेळानं ते गिऱ्हाईकही साबणासकट ऐकायला आलं.

आत बायको हरली होती. मागच्या खोलीच्या दारात जाऊन ती म्हणाली, “बाबा, चला बाहेर.”

“का? मघाशी तर मी अडगळ होतो.”

“चुकलं माझं. या आता.”

मामा आले, सरळ गाडीकडे गेले, बोनेटवर हात ठेवला. मग दुसरा ठेवला. मग वाकून कान लावला.

“गाडी घाट चढूनच आली ना?” त्यांनी मला विचारलं. “का ढकलत आणली?”

“चढूनच आली, मामा.”

“ताप कसा नाही मग?” स्वतःशीच पुटपुटत त्यांनी खिडकीकडे पंजा उघडला. आत कढई चुरचुरली.

बाई जेवल्या, भाजी मागून घेतली आणि हात धुऊन पुन्हा घड्याळाकडे पाहिलं. बायकोनं माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत बहिणीकडच्या दोन्ही खोल्या होत्या.

“नेहमी इतका वेळ लागतो?” बाईंनी विचारलं.

खोटं बोलायची हीच वेळ होती. मी तोंड उघडलंही होतं. पण बायको पदराला हात पुसत म्हणाली, “हो. घाई करायला गेलं तर मावशी काही करतच नाही. आम्हाला लवकर जमत नाही, बाई.”

“लवकर कुणाला हवंय?” बाई म्हणाल्या. “खाली पायथ्याला चाचणीच्या फेऱ्या करून पाहिल्या आम्ही. पाच मिनिटांत जेवण होतं आणि बस चार्ज व्हायला तास लागतो. उरलेला वेळ माणसं ड्रायव्हरशी भांडतात. परवा एकानं काच फोडली. आणि इथे मी किती वेळ बसलेय, मला पत्ताच नाही. ती बकरी लठ्ठ कशी झाली, तेवढं सांगा फक्त.”

न्हाव्यानं सांगितलं. बायको आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

पुढच्या महिन्यात खानावळीसमोरच्या मोकळ्या जागेत चार्जिंगचा खांब उभा राहिला. चार्जिंग चालू असेपर्यंत त्यावर लाल दिवा, पूर्ण झालं की हिरवा. आता मी अधूनमधून प्रबंधाचं पहिलं पान काढून बघतो. इंजिन बदललं, तेल गेलं, बॅटरी आली. चढानं मात्र आपला हट्ट सोडला नाही. निष्कर्ष तयार आहे, पण गल्ला सोडून लिहायला वेळ कुणाला आहे?

पहिली बस आली तेव्हा मामा आधीच उभे होते. उतारू पाय मोकळे करत न्हाव्याच्या बाकाकडे सरकले. मामांनी बसच्या तोंडावर हात ठेवला.

“आजोबा, ही तापत नाही,” ड्रायव्हर म्हणाला.

“नसेल. घाट चढून आलीय, विचारायला काय जातं?”

मग त्यांनी खांबावरच्या लाल दिव्याकडे पाहिलं, खिडकीकडे वळले आणि एक बोट वर केलं. आत मावशीनं झारा खाली ठेवला.