आईने जपलेला दात

वारा पडेना, म्हणून बोटीच्या कप्तानाने सैरुसीला नासोकीऐवजी अलीकडच्या वातुरुआ बेटावरच उतरवलं. "पुढचं तुझं तू बघ," म्हणाला आणि गेला. लाऊच्या बेटांत फिरायचं तर हे असंच. बोट येते महिन्याने, आणि आली तरी सोडते जिथे तिला जमेल तिथे. सैरुसी पिशवी पोटाशी धरून किनाऱ्यावर उभा राहिला. त्याला ना राग आला, ना काळजी वाटली. आई गेल्यापासून त्याला काही म्हणजे काहीच वाटत नव्हतं.

पिशवीत देवमाशाचा दात होता, दोरी ओवलेला, खोबरेल लावून लावून पिवळा झालेला. त्याची आई वाथिसेवा घरच्यांना न सांगता लग्न करून सुवा शहरात पळाली, ती परत नासोकीला गेलीच नाही. आमच्यात मूल पहिल्यांदा आजोळी नेताना असा दात पुढे ठेवून त्याचं तोंड दाखवायचं असतं. त्याशिवाय गावात पाऊल टाकायचं नाही. बाईने दात मिळवला, जन्मभर जपला, आणि आज जाऊ उद्या जाऊ करत मुलाचे केस पिकले. शेवटी अंथरुणावरून एवढंच म्हणाली, "माझ्या भावाला तोंड दाखवून ये."

वातुरुआत इंजिनाची होडी होती उलाइयासी म्हाताऱ्याकडे. सैरुसी त्याच्या घरी गेला आणि ज्यांचं पेय करून पाहुण्याबरोबर पितात त्या यांगोनाच्या मुळांची जुडी पुढे ठेवून बसला. पाहुण्याची तेवढी रीत त्याला माहीत होती.

"कुठला रे तू?" उलाइयासीने विचारलं.

"आई नासोकीची."

म्हातारा खुलला. वातुरुआ आणि नासोकी एकाच मूळदेवाची बेटं. एकमेकांना वाटेल ते बोलायचं, वाटेल ते मागायचं, आणि रागवायचं नाही. मागणाऱ्याकडे त्याहून मोठं काही मागून त्याला गप्प करायचं. पण शहरात वाढलेल्याला हे कोण शिकवणार?

"तरीच म्हटलं, खेकड्यासारखा तिरका का चालतोय," उलाइयासी म्हणाला. "दाराबाहेरच्या चपला आता माझ्या."

"घ्या," सैरुसी म्हणाला.

"आणि ती टोपी? नासोकीच्या चोराला टोपी हवी कशाला?"

सैरुसीने टोपी दिली. घरातल्या बायका खिदळल्या.

"पिशवीत काय लपवलंयस? आण, तेही माझंच."

सैरुसीने दात काढला आणि दोन्ही हातांनी म्हाताऱ्यापुढे ठेवला. हसणं जागच्या जागी थांबलं.

"अरे भल्या माणसा," उलाइयासी हळूच म्हणाला, "चेष्टा करत होतो मी. आधी तुमची होडी द्या, असं काहीतरी म्हणायचं होतंस."

"मला माहीत नव्हतं, आजोबा."

पुढे ठेवलेला दात परत उचलता येत नाही. आणि ज्याने तो घेतला, त्याला देणाऱ्याचं काम करावंच लागतं. न घेणं म्हणजे तोंडावर दार लावणं. म्हाताऱ्याने मान खाली घातली, दात उचलला आणि विचारलं, "बोल, काय काम आहे?"

"मामाला तोंड दाखवायचं होतं. आई वारली. आता दात नाही, म्हणजे गावात जाता येणार नाही." भाजीचा भाव सांगावा तशा आवाजात तो बोलला.

उलाइयासी त्याच्याकडे बघत राहिला. "दात आहे," तो म्हणाला. "तुझा नाही, माझा आहे. ऊठ."

भरतीला वारा पडला, होडी निघाली आणि उन्हाच्या भरात नासोकीला लागली. म्हातारा सैरुसीच्याच चपला घालून पुढे चालला होता, मागे सैरुसी अनवाणी. वाळू नुसती तापली होती, पण त्याच्या ते ध्यानातही आलं नाही.

फिलिमोने मामा घरात चटईवर बसला होता. थकलेला, पाठीत वाकलेला. त्याने मान वर केली नाही. उलाइयासी गुडघे टेकून बसला आणि दोन्ही हातांत दात धरून म्हणाला, "फिलिमोने, तुझ्या बहिणीच्या लेकराचं तोंड घेऊन आलोय. फार उशीर झाला. ती स्वतः येऊ शकली नाही. दात तिचा आहे. चपला मात्र माझ्या."

मामा हसला नाही. त्याने दात घेतला आणि नाकाशी नेला. वाथिसेवा जे खोबरेल केसांना लावायची, तेच दाताला लावायची. मामाने तो तसाच नाकाशी धरून ठेवला. मग त्याने दात मांडीवर ठेवला, सैरुसीला जवळ ओढलं आणि आमच्यात घेतात तसा त्याच्या गालाचा वास घेतला. मामाचा चेहरा ओला होता.

"बोल की काहीतरी," मामा म्हणाला.

सैरुसीने तोंड उघडलं. तेवढ्यात खाली तळव्यांत आगीसारखी कळ उठली.

"मामा," तो म्हणाला, "माझे पाय भाजलेत."

"बघू," मामा म्हणाला, आणि पिकल्या केसांच्या भाच्याचा पाय त्याने मांडीवर घेतला. तेव्हा कुठे सैरुसी रडायला लागला.