न हललेला फोटो

ड्रॉइंग मास्तरांनी आयुष्यभर एकच नियम पाळला, आणि तोही दुसऱ्यांना ताप होईल असा. चित्र काढायचं ते स्वतः काढलेल्या फोटोवरूनच. दुसऱ्याच्या फोटोवरून रंगवणं म्हणजे त्यांच्या मते दुसऱ्याच्या चष्म्यातून जग बघणं. निवृत्तीनंतर हातात फोन आला आणि घरातलं काही सुटलं नाही. किटली झाली, चपला झाल्या, गळका नळ तर दोनदा झाला. बायकोचा नंबर नळानंतर लागला, आणि तोही डॉक्टरांनी हात टेकल्यावर.

"तुझं पोर्ट्रेट करायला घेतो," मास्तर म्हणाले.

"आत्ता सुचलं? हाडं काढायला सोपी जातील म्हणून का?"

मास्तरांची पद्धत सुट्या भागांची. आधी हात, मग कान, मग शालीच्या चुण्या, आणि चेहरा अगदी शेवटी. पण चेहऱ्यासमोर फोन धरला की तिला हसू फुटायचं.

"हलू नकोस."

"अहो, श्वास तरी घेऊ का?"

हललेले फोटो मास्तर तिथल्या तिथे पुसून टाकत. अंधुक फोटोवरून काय डोंबल रंगवणार?

"तुझ्या बाबांना माझा कान फार आवडलाय," ती मुलीला सांगायची. "त्याच्यामागे उरलेली मी पण आहे म्हणावं."

एका सकाळी ती गेली. मुलगी नवऱ्याला फोन करून खोलीत परत आली, तर बाबा खिडकीचा पडदा सरकवत होते. उजेड डावीकडून, मऊ, हवा तसा आला. हा फोटो पुसावा लागला नाही.

"बाबा, हे काय करताय?"

"चेहरा राहिला होता."

मुलीनं पुढे होऊन पडदा ओढला. पुढचे काही दिवस ती त्यांच्याशी कामापुरतंच बोलत होती.

चित्र झपाझप पुढे गेलं. हात सुरेख उतरले, कान तर असा की कुणी त्यात कुजबुजावं. डोळ्यांपाशी मात्र गाडी अडली. फोटोत ते मिटलेले. मास्तरांनी दोनदा आठवून उघडे रंगवले, आणि दोन्ही वेळा कुणीतरी परकी बाई रागानं बघायला लागली. त्यांनी दोन्ही वेळा ते खरवडून काढले.

शेवटी मुलीनंच आपला फोन पुढे केला. "हा घ्या, आईचा, डोळे उघडे असलेला. आमच्या ह्यांनी काढलेला. मोठा करून दिलाय."

नियमाचं काय, असं मास्तर म्हणाले नाहीत. त्यांनी फोन घेतला आणि चष्म्याजवळ नेला.

"हिचा डावा डोळा असा बारीक होता का गं?"

"त्या डोळ्यानं आईला दिसत नव्हतं, बाबा. कित्येक वर्षं."

"मला बोलली नाही."

"मी म्हटलं होतं सांग म्हणून. तर म्हणाली, ते चित्रकार आहेत, त्यांना दिसेलच."

मास्तरांनी ब्रश उचलला आणि तसाच धरून बसले. फोनची स्क्रीन विझायला लागली की अंगठा टेकवून ती उजळत होते. मुलगी फोन परत न्यायला उभी होती. मग तीही खाली बसली.