सात खळगे आणि आईच्या भुवया

मित्रांनो, मी एक जुनं बिडाचं आप्पेपात्र आहे. कडेनं सहा खळगे, मधोमध एक. तापायला मला वेळ लागतो, पण एकदा तापलो की लवकर निवत नाही.

कोल्हापुरात मला ओतलं. रागिणीच्या लग्नात तिच्या सामानातून आलो आणि तिच्या नवऱ्याच्या, मेजर अंशुमनच्या, बदल्यांबरोबर फौजी ट्रंकेत बसून देशभर हिंडलो. माझ्या आप्प्यांचं कौतुक करताना लोक बोटं चाटायचे. मग घरात नॉनस्टिक आलं. उत्तरेतल्या चंडीमंदिर छावणीच्या क्वार्टरात मी ओट्याखाली गंजत पडलो. वाईट वाटायचंच.

ओट्याशेजारच्या टेबलावर रागिणी छावण्यांत हिंदी बोलत वाढलेल्या सहा वर्षांच्या लेकीला, पूर्वीला, गणित शिकवायची. पोर शंभरपर्यंत आकडे धडाधडा म्हणायची. पण "सातातून दोन गेले, किती राहिले?" म्हटलं, की ती आईच्या भुवयांकडे बघायची. "नौ?" भुवया वर. "छह?" आणखी वर. "पाँच?" भुवया खाली. सुटली बिचारी!

एकदा ती रडतच म्हणाली, "मम्मा, मुझे नहीं आता. आपको देखकर बोलती हूँ."

रागिणीचा चेहरा उतरला. पोर गणिताला कायमची भिणार, या धास्तीनं तिनं त्या दिवशी गणित तिथंच थांबवलं. रविवारी तिनं मला बाहेर काढलं, घासलं, तेल लावलं आणि आप्पे घातले. गॅस बंद करून म्हणाली, "पप्पांना दोन काढून दे बघू."

पूर्वीनं चमच्यानं दोन काढले आणि माझ्याकडे बघत राहिली. दोन खळगे रिकामे, पाच भरलेले.

"मम्मा, पाँच बचे! और ये दो वापस रखूँ तो फिर सात!"

बेरीज आणि वजाबाकी एकाच घरात राहतात, हे तिला माझ्यात दिसलं. पुढं नऊ म्हणजे सात आप्प्यांचा एक घाणा आणि वर दोन, हेही तिनं आपलं आपण शोधलं. मला केवढं भरून आलं!

परवा चार आप्पे ताटात गेले. "किती राहिले?" रागिणीनं विचारलं.

"तीन."

रागिणीनं मुद्दाम भुवया चढवल्या. माझा जीव टांगणीला लागला. पूर्वीनं आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"ऐसे मत देखो मम्मा, तीन ही हैं. खुद गिन लो!"

रागिणीनं मोजले नाहीत. तिनं लेकीला उराशी धरलं.

मित्रांनो, धाकट्या भावंडांना गणित शिकवाल तेव्हा त्यांच्या हातात काहीतरी द्या आणि भुवया खाली ठेवा. आणि आप्पे खाऊन झाले, की मला कोरडं पुसून तेलाचा हात फिरवायला विसरू नका.