तोमासाबाईच्या खानावळीची बदनामी

देल्फिनाची जीभ तिखट आहे, हे मेक्सिको सिटीच्या पोर्तालेस भागातल्या तिच्या गल्लीत पोराटोरांनाही ठाऊक होतं. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये अख्खी नोकरी लोकांच्या शिव्या गोड आवाजात ऐकून घेण्यात गेली. आता निवृत्तीनंतर माझी पाळी, असं ती म्हणायची. लग्न केलं नव्हतं. पेन्शन बेताची होती. धाकटी बहीण वारली तेव्हा तिचा मुलगा फाबियान शाळेत होता. त्याला देल्फिनाने घरी आणलं, वाढवलं, शिकवलं. आता तो चांगला दाढीमिशा फुटलेला बाप्या झाला होता, तरी गच्चीवरच्या खोलीत मावशीच्याच जिवावर राहत होता.

देल्फिनाची चैन एकच. दर बुधवारी ती आणि तिची ऑफिसातली जुनी मैत्रीण चायो मेट्रोत बसायच्या, कधी न उतरलेल्या स्टेशनावर उतरायच्या आणि पायी हिंडून जेवायला खानावळ शोधायच्या. मेक्सिको सिटीत खानावळींना काय तोटा! पण देल्फिनाच्या आवडीनिवडी कडक. टेबलावर इस्त्रीचा कपडा दिसला की पुढे चला. पाटी इंग्रजीत असली की त्याहून लवकर पुढे चला. जिथे मेकॅनिक आणि बँकेतला कारकून एकमेकांना कोपरं लावून जेवतायत, आणि आत भाजल्या जाणाऱ्या मिरचीने दारातच शिंक येते, तिथे डोळे मिटून बसा. सूप, भात, कालवण, सरबत आणि शेवटी थरथरणारी जिलेटीनची वडी. एवढं सगळं पेन्शनीत बसायचं.

वर्षभरापूर्वी फाबियान त्यांच्याबरोबर यायला लागला. फोन समोर धरायचा आणि मावशी जेवताना जे बोलेल ते टिपून इंटरनेटवर टाकायचा. "भात असा हवा, एकमेकांशी भांडलेला," असं काहीबाही ती बोलायची आणि लोकांना ते फार आवडायचं. हजारो लोक बघू लागले. देल्फिनाला त्यातलं फारसं कळत नव्हतं. पोरगं काहीतरी करतंय, घरात पडून नाहीये, एवढ्यावर तिचं समाधान होतं.

असंच एकदा ओब्रेरा वस्तीत, टायरच्या दुकानांच्या मधोमध, त्यांना तोमासाबाईंची खानावळ सापडली. सहा टेबलं, भिंतीला हिरवा ऑइलपेंट, आणि चुलीपाशी पुएब्ला प्रांताकडच्या, रुंद बांध्याच्या तोमासाबाई. मेलितोन नावाचा गॅरेजवाला दारात उभा होता. "जागा होईल, बाई. हे लोक बोलत बसत नाहीत, जेवतात आणि उठतात," तो म्हणाला होता. शेवयांचं सूप आलं, मग भोपळ्याच्या बियांच्या हिरव्या वाटणातलं कोंबडीचं कालवण. फाबियानने तोर्तियांच्या, मक्याच्या पोळ्यांच्या टोपलीकडे हात नेला तसा देल्फिनाने तो फटकारला. "आधी हात धू!" आणि सूप संपवून ती तोमासाबाईंना म्हणाली, "असं सूप पुन्हा खाऊ नये. घरचं जेवण गोड लागत नाही मग!" तोमासाबाई हसत हसत आत गेल्या आणि आणखी अर्धी वाटी घेऊन आल्या.

एकदा गेलेल्या खानावळीत परत जायचं नाही, असा दोघींचा रिवाज होता. पण त्या हिरव्या कालवणाने चायोच्या मनात घर केलं. महिन्याभराने तीच म्हणाली, "देल्फी, या बुधवारी शोध राहू दे. मला तोमासाबाईंकडे जेवायचंय."

जेवणाची ऐन वेळ होती, आणि खानावळ रिकामी. एका टेबलाशी तोमासाबाई स्वतःच बसल्या होत्या, हातात पळी. दोघी बसल्या तशा त्या उठून आल्या.

"उठा."

देल्फिनाला वाटलं, टेबल कुणासाठी राखून ठेवलंय. "दुसरीकडे बसू का?"

"माझ्या खुर्चीवरून उठा! वर तोंड करून परत आलात? काय राहिलंय आता? पर्समधून झुरळ आणलंय का या खेपेला?"

"अहो बाई, काय बोलताय तुम्ही?"

"मी बोलतेय? बोललात तुम्ही! सगळ्या शहराला सांगितलंत! हाताखाली वाढायला असलेल्या बहिणीला घरी पाठवावं लागलं मला. चूल कुणासाठी पेटवू? चालत्या व्हा, नाहीतर ही पळी हातात आहे!"

देल्फिनाला उभ्या जन्मात कुणी ताटावरून उठवलं नव्हतं. ती रस्त्यावर आली तेव्हा तिचे कान लाल झाले होते. "वेडी आहे ही बाई! एवढं कौतुक केलं, त्याचं हे फळ!" ती ओरडत सुटली. टायरच्या दुकानाच्या सावलीत उभी राहून चायो फोनमध्ये शोधत होती. मग तिने फोन पुढे केला.

व्हिडिओचं नाव होतं: इथे चुकूनही जेवू नका. पहिल्यांदा तोमासाबाईंचे हात दिसले, तोर्तियांची टोपली ठेवताना, आणि त्यावर देल्फिनाचा आवाज, "आधी हात धू!" मग भिंतीवरचा एक डाग, जवळून. मग देल्फिनाचा चेहरा, भुवया चढलेल्या. "असं सूप पुन्हा खाऊ नये." तिथेच वाक्य तोडलेलं. खाली लोकांच्या शिव्यांची रांग. मावशी खोटं बोलत नाही, असं कुणीतरी लिहिलं होतं.

देल्फिनाने तो पुन्हा पाहिला. तोंड तिचं, आवाज तिचा, आणि बोलत होतं दुसरंच कुणीतरी.

"चायो, घरी चल," ती म्हणाली.

फाबियान स्वयंपाकघरात टेबलाशी बसून केळं खात होता. गॅसवर रात्रीसाठी घेवडा शिजत होता. देल्फिनाने पर्सही खाली ठेवली नाही.

"तोमासाबाईंचं काय केलंस तू?"

"कोण तोमासाबाई?"

"ओब्रेराच्या!"

"अच्छा, ती." त्याने साल टेबलावर टाकलं. "तिने सहकार्य केलं नाही, मावशी."

"सहकार्य म्हणजे?"

"म्हणजे आपण त्यांची जाहिरात करतो ना? मग दुसऱ्या दिवशी मी जाऊन बोलतो. समजूतदार असतात ते थोडंफार देतात. ही मला म्हणाली, ताट हवं तर बस, आणि सगळ्यांसारखे पैसे देऊन ऊठ. वर हसली. गिऱ्हाइकांसमोर."

चायो दारातच भिंतीला टेकली. देल्फिनाच्या डोळ्यांसमोरून वर्षभरातल्या खानावळी सरकल्या. नार्वार्तेतली लंगडत वाढणारी म्हातारी. ताकुबातले दोघे भाऊ. या सगळ्यांच्या दारात हा दुसऱ्या दिवशी उभा राहिला होता. तिचं कौतुक हातात धरून, दरोडेखोर सुरा धरतो तसं.

"माझ्या नावावर हप्ते गोळा करतोस तू? माझ्या तोंडाने?"

"हप्ते काय म्हणतेस! सगळेच करतात. आणि तुझ्या नाकावरचा हा चष्मा कुठून आला? तेव्हा विचारलं होतंस?"

देल्फिनाने चष्मा काढला. वाढदिवसाला त्याने दिलेला. गल्लीभर मिरवला होता तिने तो. तिने तो टेबलावर केळ्याच्या सालावर फेकला.

"त्या बाईची चूल विझलीय, नालायका! तिची बहीण घरी बसलीय! तुझ्या आईने लोकांच्या घरची धुणी धुतली, पण कुणाच्या चुलीवर पाणी नाही ओतलं कधी! आत्ताच्या आत्ता तो व्हिडिओ काढ, आणि चल माझ्याबरोबर तिच्या पायाशी!"

फाबियान तिच्याकडे बघत होता. मग त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी उजळलं. देल्फिनाला क्षणभर वाटलं, लाजला. पण त्याने फोन उचलला आणि तिच्यावर रोखला.

"थांब, मावशी. हे पुन्हा बोल. अस्संच, हात हलवून. आईचं तर नक्की बोल. लोक वेडे होतील."

देल्फिनाने दोन पावलं टाकली, त्याच्या हातातला फोन उपटला, पातेल्यावरचं झाकण काढलं आणि फोन उकळत्या घेवड्यात सोडला. वरून डावाने खाली दाबला.

"अगं, वेडी झालीस का!" तो किंचाळला. मग त्याचा आवाज एकदम गार झाला. "फोन बुडवून काय होणार? व्हिडिओ पातेल्यात नसतो, मावशी. तो तसाच राहणार."

"तो राहू दे. तू जा. पिशवी भर."

"कुठे जाऊ?"

"जे समजूतदार आहेत त्यांच्याकडे जा."

तो गेला. जिना उतरताना तो मुद्दाम पाय आपटत होता. देल्फिनाने पातेलं तसंच्या तसं उचलून कचऱ्यात ओतलं. त्या रात्री दोघी मैत्रिणींनी कोरडी पोळी चावली आणि चायो घरी गेलीच नाही.

सकाळी देल्फिनाने जुना, ओरखडे पडलेला चष्मा लावला. "काय करायचं ठरवलंस?" चायोने विचारलं.

"हा चेहरा त्यांनी फोनमध्ये पाहिलाय ना? आता दारात बघू दे."

आणि खरंच, ती ओब्रेरात दारोदार फिरली. टायरची दुकानं, गॅरेजं, एक दवाखाना, काचा कापणारा, शिवणकामाचं वर्कशॉप. प्रत्येक दारात उभी राहून ती म्हणायची, "मला ओळखलंत? त्या व्हिडिओतली बाई मीच. मी काय म्हटलं होतं ते पूर्ण ऐका." कुणी हसलं. कुणी हात जोडून दार लावलं. दवाखान्यातली एक पोरगी म्हणाली, "मावशी, तुमच्याबरोबर एक फोटो काढू?" तेव्हा चायोने देल्फिनाचा दंड घट्ट धरला म्हणून पुढचं टळलं.

मेलितोनच्या गॅरेजमध्ये मात्र कुणाला धरायला वेळच मिळाला नाही. तो गाडीखालून बाहेर आला, हात पुसले, सगळं ऐकून घेतलं आणि खांदे उडवले.

"आम्हाला शंका होतीच, बाई. पण आता काय, पोरं फोनवरूनच जेवण मागवतात. आणि दिसतं ते दिसतं ना. डाग होता भिंतीला."

"डाग होता! किती वर्षं जेवलात हो तिच्याकडे?"

"बरीच झाली. गॅरेज टाकल्यापासून."

"कधी पोट दुखलं?"

"नाही."

"तुमच्या पोराच्या लग्नात स्वयंपाक कुणी केला?"

मेलितोन चपापला. तिने अंदाजाने दगड मारला होता, तो नेमका लागला.

"तोमासाबाईंनीच."

"मग लाज कशी वाटली नाही तुम्हाला? वर्षानुवर्षं तिच्या हातचं खाल्लंत, आणि विश्वास कुणावर? माझ्या थोबाडावर! मी कोण तुमची? एकदा येऊन सूप पिऊन गेलेली बाई! माझा भाचा चोर आहे, त्याला मी घराबाहेर काढलं. पण तो तुम्हाला ओळखत नव्हता. तुम्ही तिला ओळखत होतात! समोरचा रस्ता ओलांडून विचारायला काय पाय मोडले होते?"

गॅरेजमधली हातोड्याची ठोकाठोक थांबली होती. मेलितोनने मान खाली घालून पाना उचलला आणि तो पुन्हा गाडीखाली सरकला.

देल्फिना रोज जात राहिली. तोमासाबाईंच्या दारात मात्र तिने पाऊल टाकलं नाही. समोरच्या फुटपाथवरून जायची. दुसऱ्या आठवड्यात एकदा तोमासाबाईच बाहेर आल्या आणि तिच्या वाटेत उभ्या राहिल्या.

"माझ्यासाठी दारोदार फिरताय म्हणे. मी सांगितलं होतं?"

"नाही."

"मग कशाला?"

"तुमच्यासाठी नाही. माझ्या तोंडासाठी फिरतेय. ते माझं आहे, मला परत हवंय."

तोमासाबाईंनी तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "मेलितोन आला होता काल. त्याची सगळी माणसं घेऊन. मान वर करून जेवला नाही मेला." त्यांनी मागे वळून खानावळीकडे पाहिलं. "त्याला मी माफ केलेलं नाही. तुम्हालाही नाही."

"माफी मागितलीय कुणी?"

"बरं. दोघी आत या. जेवा, सगळ्यांसारखे पैसे द्या. आणि तोंडातून एक अक्षर काढू नका. चांगलंसुद्धा नको."

आत तीन टेबलं भरलेली होती, तीन रिकामी. बहीण परत आलेली नव्हती. तोमासाबाई एकट्याच धावत होत्या. कालवण आलं तेव्हा चायोने पहिला घास घेतला आणि न राहवून "वा!" म्हणायला तोंड उघडलं. देल्फिनाने टेबलाखालून तिच्या नडगीवर लाथ मारली. दोघी गप्प जेवल्या. पैसे ठेवले आणि उठल्या.

पुढे व्हिडिओ निघाला. चायोने फोनवर शोधून सांगितलं. "पश्चात्ताप झाला असेल गं पोराला."

"नाहीतर कमाई आटली असेल," देल्फिना म्हणाली.

एका रविवारी फाबियान आला. जाळीच्या दाराबाहेर उभा राहिला. वाळला होता. मित्राकडे जमिनीवर झोपतो म्हणाला. व्हिडिओ काढला म्हणाला. मावशी, चूक झाली म्हणाला. देल्फिनाने कडीवर हात ठेवला होता. आतून तिचं काळीज तुटत होतं, आणि त्याचाच तिला सगळ्यात जास्त संताप येत होता.

"तोमासाबाईंकडे गेलास?"

त्याने नजर बुटांकडे वळवली.

"नार्वार्तेतल्या म्हातारीकडे? तिचं घेतलेलं परत केलंस?"

"मावशी, एवढ्या सगळ्यांकडे कसा जाऊ मी? काय म्हणतील ते मला?"

"मला म्हणाले तेच म्हणतील. मी मेले नाही ऐकून. जा, आणि मग ये."

तिने आतलं लाकडी दारही लावून घेतलं. तो बराच वेळ बाहेर उभा होता; जाळीतून त्याची सावली दाराखालच्या फटीपर्यंत आली होती. मग ती सरकली. देल्फिना स्वयंपाकघरात गेली, मिरच्या तव्यावर टाकल्या, आणि धुराने डोळ्यांत पाणी येईपर्यंत भाजत राहिली.