लसणाचा वास

सून कामावरून आली, चपला काढून आत गेली, आणि सासूबाईंच्या नाकाला पुन्हा तोच वास आला. लसणाचा. घरात तर कित्येक दिवसांत कुणी लसूण सोलला नव्हता.

थोरला मुलगा अपघातात गेल्यापासून सुनेचं हसणं, बोलणं, केस विंचरणं, सगळ्यावर त्यांची नजर असे. विधवेवर असा पहारा ठेवणारी घरं थोडी नाहीत, आणि त्या पहाऱ्याला ती काळजी म्हणतात. सून धातूंच्या प्रयोगशाळेत काम करते, एवढंच घराला ठाऊक होतं.

"डबा अर्धा परत आणते. रात्री दोन घास खाऊन उठते. आणि तोंडाला हा वास," त्या धाकट्या मुलाला म्हणाल्या.

"कुणाकडे तरी जेवत असणार. तू काही बोलू नकोस, सावध होईल," तो म्हणाला.

त्या बोलल्या नाहीत. नातीला मात्र आपल्याजवळ निजवू लागल्या. डोकं दुखतं म्हणून सून पडून राहिली, तेव्हा मायलेकांनी एकमेकांकडे पाहिलं.

अखेर एका दुपारी सासूबाई न कळवता प्रयोगशाळेत जाऊन थडकल्या. सून काचेच्या बंद पेटीत, पेटीलाच जोडलेल्या रबरी हातमोज्यांत हात घालून राखाडी भुकटी खलत होती. तिच्या वरिष्ठ बाईंनी सासूबाईंना खुर्ची दिली आणि कौतुकानं सांगायला सुरुवात केली.

"भट्टीची वाया जाणारी धग विजेत बदलणारा मिश्रधातू आहे हा. बिस्मथ आणि टेल्युरियमचा. तुमच्या सुनेनं थोडं टेल्युरियम काढून त्या जागी सेलेनियम बसवलं. आता उष्णता आत अडखळते, वीज मात्र सरळ निघून जाते. तेवढ्याच धगीत जास्त वीज मिळते."

सासूबाईंचं लक्ष खोलीतल्या दोन पुरुषांकडे होतं. "ही जेवते कुणाबरोबर?" त्यांनी विचारलं. "रोज लसणाचा वास येतो हिच्या तोंडाला."

बाईंचा चेहरा उतरला. त्यांनी सुनेला हात बाहेर काढायला लावले आणि हातमोजा उजेडात ताणून धरला. बोटांच्या बेचक्यात चीर होती.

"टेल्युरियम अंगात गेलं की श्वासाला असा वास येतो. ज्याचा त्याला कळत नाही, आणि आम्ही इथे तोंडाला मास्क लावून असतो. कधीपासून येतोय?"

"झाले असतील दोनतीन महिने."

"आणि घरी कुणीच हिला सांगितलं नाही?"

सासूबाईंनी पदर सारखा केला. सून त्यांच्याकडे बघत राहिली.

डॉक्टरांनी तपासून सांगितलं की वेळेत कळलं, भुकटीपासून लांब राहिली तर बरी होईल. घरी धाकटा मोकळेपणानं हसला. "चला, वहिनींवरचा संशय फिटला. झालं गेलं विसरून जाऊ."

"कशानं फिटला, भावोजी?" सून शांतपणे म्हणाली. "हातमोजा फाटका निघाला म्हणून. आणि मी खरंच कुणाकडे चार घास खाल्ले असते तर? मी जेवत नव्हते, डोकं धरून पडत होते. मी आजारी असेन, हे तुमच्यापैकी एकालाही सुचलं नाही."

तिनं लेकीचे कपडे बॅगेत भरले. प्रयोगशाळेच्या वसाहतीत खोली मिळत होती, ती तिनं घेतली होती.

"लोक काय म्हणतील? आई, अडव तिला," धाकटा म्हणाला.

सासूबाई दारातच उभ्या होत्या. खाली तिला न्यायला कोण आलंय, हे बघायला त्यांची मान आपसूक जिन्याकडे वळली. त्यांचं त्यांनाच ते जाणवलं आणि चेहऱ्यावर कुणीतरी चापट मारावी तसं झालं. त्या दारातून बाजूला झाल्या.

"बॅग उचल तिची," त्या धाकट्याला म्हणाल्या. "जड आहे."