पोत्याला पाय नसतात

कैलासनं पेंढी डोक्यावर नेली आणि फळीवर आपटली, तेवढ्यात पांढरी गाडी खळ्याच्या कडेला येऊन थांबली. त्यानं मान वळवून पाहिलं, गाडीतून कोण उतरतंय ते ओळखलं आणि पेंढी पुन्हा आपटली. मग तिसऱ्यांदा. एवढी वाट वाकडी करून साहेब कुरवंड्याला का आले असतील, हे त्याला विचारायची गरज नव्हती.

कर्नल सुश्रुत लिमये साध्या कपड्यांत होते. मूळचे तळेगावचे. लष्कराच्या हेलिकॉप्टरांची देखभाल करण्यात कैलासची एकवीस वर्षं गेली, त्यांतली आठ लिमयेसाहेबांच्या हाताखाली. भात झोडायला म्हणून वीस दिवसांची रजाही त्यांनीच मंजूर केली होती.

"लोणावळ्यापर्यंत आलो होतो. म्हटलं, डोकावून जावं," कर्नल म्हणाले.

ताकाला जाऊन भांडं लपवायचा त्यांचा स्वभाव नव्हता, त्यामुळे ते त्यांना धड जमलंही नाही. काखेत फाइल दिसत होती. असले कागद छावणीच्या फाटकाबाहेर काढायचे नसतात, हे त्यांनीच कैलासला शिकवलं होतं.

"बसा साहेब," भात चाळत बसलेले मारुतीआबा म्हणाले. ते कैलासचे वडील. "खुर्ची न्हाई हितं, पण भाताचं पोतं हाय. खुर्चीपरीस मऊ लागंल."

कर्नल हसले आणि पोत्यावर बसले. सारिकानं, कैलासच्या बायकोनं, घरात जाऊन चहा टाकला. परत येऊन ती पेंढ्यांच्या ढिगाजवळ उभी राहिली आणि मग तिथून हलली नाही.

कर्नलनी फाइल उघडली. आत दोन कागद होते. एक कैलासनं भरलेला, दुसरा तसाच छापलेला पण कोरा.

पन्नास वर्षं उडत आलेली जुनी हेलिकॉप्टरं आता काढायची होती आणि त्यांच्या जागी कुठलं घ्यायचं, याच्या चाचण्या दोन वर्षं चालल्या होत्या. तीन कंपन्यांची तीन मशिनं. पहिलं उंचावर गेल्यावर दमलं. दुसऱ्याचं इंजिन थंडीत पहाटे सुरू होईना. तिसरं मात्र सगळ्या कसोट्यांना उतरलं. एकोणऐंशी ओळींचा तक्ता, त्यात अठ्ठ्याहत्तर ठिकाणी 'होय'. एक्केचाळिसाव्या ओळीत तेवढं 'नाही' होतं, आणि ते कैलासच्या अक्षरातलं होतं.

ती ओळ जखमी माणसाला स्ट्रेचरवरून आत घेण्याची. चाचणीत खरा माणूस ठेवत नाहीत. माणसाच्या वजनाइतकी वाळूची पोती स्ट्रेचरला बांधतात, स्ट्रेचर आत सरकवतात आणि दार लावतात. पोती झकास मावली होती. सगळे जेवायला गेले तेव्हा कैलास बूट घालूनच त्या स्ट्रेचरवर उताणा झोपला आणि सोबतच्या मेकॅनिकला म्हणाला, लाव दार. दाराला आतून फुगवटा होता, तो त्याच्या उभ्या पावलांवर येऊन अडला. कुशीवर वळून पाय पोटाशी घेतले, तेव्हा कुठं दार लागलं.

"नियम पोती ठेवायचा आहे," कर्नल म्हणाले. "पोती मावली. तू नियमाबाहेर जाऊन झोपलास."

"व्हय. झोपलो."

"तर हा नवा कागद. बाकी सगळं तेच राहील, तेवढी एक ओळ बदलायची. खाली तुझी सही."

"पोत्याला पाय नसत्यात, साहेब."

आबांच्या हातातली चाळणी थांबली. कर्नलनी पेन काढून फाइलवर ठेवलं. ते रागावले नव्हते. ते रागावले असते तर कैलासला बरं वाटलं असतं, कारण रागावलेल्या साहेबाला तोंड द्यायची त्याला सवय होती.

"नायब सुभेदारांची यादी पुढच्या महिन्यात निघेल," ते म्हणाले. "तुझं नाव आहे त्यात. पुण्यात क्वार्टर मिळेल. कोमल बारावीला आहे ना? तिला रोजचा प्रवास राहणार नाही. आणि ऐन शेवटी चाचणी अडवणाऱ्याचं नाव यादीत राहत नाही, हे मी तुला सांगायला नको."

कैलासनं सारिकाकडं पाहिलं नाही. क्वार्टरचं स्वप्न तिचं होतं. पोरगी पहाटे साडेपाचला घराबाहेर पडते, अंधारात वाट तुडवते, हे ती वर्षभर बोलून दाखवत होती.

"सही न्हाई करनार, साहेब."

"पवन आठवतो?"

हे नाव निघणार, हेही कैलासला ठाऊक होतं. पवन त्याच्याच हाताखाली शिकलेला मेकॅनिक. गेल्या वर्षी जुनं मशीन बर्फात कोसळलं, त्यात तो आणि दोन पायलट गेले. त्या सकाळी त्याच मशीनची देखभाल कैलासनं केली होती. त्यात काही चुकलं नव्हतं, तपासात तसंच निघालं. मशीन म्हातारं झालं होतं, एवढंच.

"दार बदलून घ्यायचं म्हणजे दोन वर्षं," कर्नल म्हणाले. "पुन्हा चाचण्या, पुन्हा बैठका. तोवर जुनीच उडणार. दोन वर्षांत आणखी किती पवन, सांग मला. एका बाजूला पाय दुमडून झोपणारा जखमी, दुसऱ्या बाजूला सरणावरची पोरं. हिशोब अवघड नाहीये."

एकोणिसाव्या वर्षी, लष्करात जायच्या आधी, कैलासनं नागफणीच्या कड्याच्या पायथ्यापासून एका माणसाला घोंगडीच्या झोळीतून वर आणलं होतं. गावातली सहा जणं होती. मांडीचं हाड मोडलेलं. एका वळणावर झोळी दबली आणि त्या माणसाचा पाय नुसता दुमडला. त्या वेळचं त्याचं ओरडणं कैलासला अजून ऐकू यायचं. पण हे सांगून काय होणार होतं? त्यानं पेंढा पायानं बाजूला सारला, खळ्याच्या मातीत टाचेनं लांबट चौकोन ओढला आणि झोडायची फळी उचलून त्याच्या एका टोकाशी तिरकी धरली, जशी त्या दाराची आतली बाजू यायची, अगदी तशी.

"झोपा साहेब," तो म्हणाला.

"आवो," सारिका पुटपुटली.

"झोपा. कंबर मोडलीया असं समजा. मी दार लावतो. लागलं तर आत्ता सही करतो."

कर्नल त्या चौकोनाकडं बघत राहिले. आपण जरा जास्तच बोललो, असं कैलासच्या मनात आलं, पण हातातली फळी त्यानं खाली घेतली नाही.

"गरज नाही," कर्नल शेवटी म्हणाले. "मी जानेवारीतच झोपून बघितलंय. तुझ्याही आधी. माझे पाय तर गुडघ्यापर्यंत अडत होते."

आत चहा उतू गेल्याचा वास आला, तरी कुणी उठलं नाही.

कैलासनं फळी हळूच खाली टेकवली. साहेबांना ठाऊक नाही, दाखवलं की पटेल, या भरवशावर तो महिनाभर उभा होता. तो भरवसाच गेला. समोर बसलेला माणूस अडाणी नव्हता, लबाडही नव्हता. त्यानं दोन्ही बाजूंची मढी मोजली होती आणि मग सही मागायला आला होता.

"मग तुमी का न्हाई लिवलं?" सारिका म्हणाली.

तिनं हे आवाज न चढवता विचारलं. कर्नलनी तिच्याकडं पाहिलं आणि मग फाइलीतल्या कोऱ्या कागदाकडं.

"साहेब," कैलास म्हणाला, "पवन गेला तवा आपल्याला ठाव न्हवतं. काय व्हनार ते कुनालाच ठाव न्हवतं. ह्या दारापायी जो मरंल, तो आपल्याला ठाव असून मरंल. तुमाला आन् मला. तुमी दुसऱ्या कुनाची सही घ्या, मी आडवा येत न्हाई. फकस्त त्याला आदी आत झोपवा."

कर्नल उठले. पँटला चिकटलेला भाताचा कोंडा त्यांनी झटकला. कैलासनं भरलेला जुना कागद त्यांनी फाइलीत नीट लावला, कोऱ्या कागदाची चौघडी करून शर्टाच्या खिशात टाकली आणि पेन उचललं.

"दोन वर्षं," ते म्हणाले. "कदाचित तीन. जुनीच उडणार, कैलास. हे लक्षात ठेव."

"ठाव हाय. म्हनून एक मागनं हाय. माझी बदली करा. जितं सगळ्यांत जुनी मशिनं हायेत, तितं."

"तिथं कुणी मागून जात नाही. तिथं शिक्षा म्हणून पाठवतात."

"मंग तसं लिवा कागदावर."

"दुरुस्तीनंतरच्या पहिल्या उड्डाणात मेकॅनिकनं बसायचं असतं. त्या मशिनांची रोज दुरुस्ती निघते."

"बसतो की. आजपातूर बसतच आलोय."

कर्नलनी आबांना नमस्कार केला. गाडीपाशी गेल्यावर ते वळले. "रजा किती उरलीय?"

"नऊ दिस. भात झोडून झालं की येतो."

त्यांनी मान हलवली. गाडी धुरळा उडवत उताराला लागली, वळणावर दिसेनाशी झाली. आबांनी चाळणी परत हलवायला घेतली. कैलासनं पेंढी उचलली. आता सारिका काय ते बोलेल, आणि जे बोलेल ते निमूट ऐकून घ्यायचं, असं त्यानं ठरवलं. क्वार्टर गेलं, नायब सुभेदारी गेली, कोमलची पहाटेची वाट तशीच राहिली. तिचा राग खरा असणार होता.

सारिका पुढं आली आणि तिनं त्याच्या हातातली पेंढी काढून घेतली.

"भात मी आन् आबा झोडतो," ती म्हणाली. "तुमी उंद्याच निघा. ती जुनी मशिनं आता तुमच्या शब्दावर उडत्यात."