मी ‘क्रमशः’, आता पुरे

“काकू, शिक्का मारायचा राहिलाय.”

“राहिला नाही, मारला नाही. गोष्ट संपली.”

“संपली? आत्ता कुठे रंगात आलीय!”

ज्याच्यावरून हे भांडण जुंपलं होतं, तोच मी शिक्का बोलतोय. लाकडी मूठ, खाली रबर, रबरावर उलट्या अक्षरांत एकच शब्द: क्रमशः.

माझी मालकीण विनोदिनीबाई, माधवनगरात राहतात. वय अठ्ठ्याहत्तर, शाळा चौथीपर्यंत, पुढचं सगळं स्वतःच्या जिद्दीवर. समोर बसलेले श्रीपादराव बँकेच्या नोकरीत साताऱ्याहून उज्जैनला आले, निवृत्त झाले आणि इथल्या मराठी मंडळाच्या मासिकाचे संपादक होऊन बसले. बाईंची कादंबरी त्या मासिकात आठ वर्षं चाललीय.

माझा जन्म कोर्टकचेरीबाहेरच्या शिक्क्यांच्या टपरीतला. पहिल्याच प्रकरणाखाली छापखान्यानं ‘क्रमशः’ गाळलं आणि लोक घरी येऊन विचारू लागले, “हे काय, असं मध्येच?” बाई तडक टपरीवर. शिक्केवाला म्हणाला, “माताजी, नाम-पता कुछ नहीं?”

“नाम से क्या करना है? इतना ही लिखो.”

माझे भाऊबंद वकिलांकडे गेले, मी गोष्टीच्या घरी आलो.

गोष्ट दोन बहिणींची. वडिलांच्या घरावरून कोर्टात गेलेल्या. थोरली निहारिका शाळेत शिकवते, धाकटी ईरा शिवणकाम करते. बाईंचा नियम होता, दर महिन्याला एक गाठ सोडायची, मगच दुसरी मारायची. “वाचणाऱ्याला नुसतं टांगून ठेवायला तो काय ओला टॉवेल आहे?” म्हणायच्या. तेव्हा मीही आनंदानं उमटायचो.

मग वाचक घटले आणि श्रीपादरावांचे फोन सुरू झाले. काकू, एखादा अपघात घाला. काकू, पत्र भलत्याच्याच हाती पडू द्या. ईरा दोनदा जिन्यावरून पडली. गाठी वाढल्या, सुटेना एकही. आणि मी आपला उमटतोय. खरं सांगू, लाज वाटायची. माणसांना शेवट हवाही असतो आणि नकोही असतो. मधल्यामधे झिजतो मी. माझ्या विसर्गाचा खालचा ठिपका तर आता उठतही नाही.

त्या दिवशीच्या प्रकरणाचं शेवटचं वाक्य होतं, ‘निहारिकानं राजीनाम्यावर सही केली आणि आठ वर्षांनी मोकळा श्वास घेतला.’

“नोकरी सोडली तिनं!” श्रीपादराव खुशीत आले होते. “आता कुठे जाईल, काय करेल? दोन वर्षं आरामात निघतील. मी तर मुखपृष्ठावरची ओळसुद्धा ठरवली, ‘निहारिकानं नोकरी का सोडली?’”

“कुणी सोडली नोकरी? कोर्टात राजीनामा झाला. दोघी बहिणींचा समेट.”

“काकू, राजीनामा म्हणजे नोकरी सोडणं.”

“ते तुमच्या साताऱ्यात. इथे दोन्ही पार्ट्या राजी झाल्या की राजीनामा होतो. कचेरीत जाऊन कुणालाही विचारा. पंचवीस वर्षं इथले पोहे-जिलबी खाताय, भाषा तेवढी पचली नाही?”

श्रीपादराव हसले नाहीत. चष्मा काढून पुसत बसले. “गोष्ट थांबली तर मासिकही थांबेल, काकू. लोक तेवढ्यासाठीच घेतात.”

बाईंचा हात माझ्यापर्यंत आला. मला वाटलं, झालं, उचलणार.

“मासिकासाठी नवी गोष्ट देईन,” त्या म्हणाल्या. “पण माझे डोळे गेलेत, छाती धडधडते. उद्या मीच गेले, तर या दोघी जन्मभर कोर्टाच्या पायऱ्यांवर उभ्या राहतील. त्यांना घरी पोचवल्याशिवाय कशी जाऊ?”

“एकच महिना, काकू. ईराच्या मनात थोडा संशय घाला. बस.”

हल्ली मी खिळ्यांच्या डब्यात पालथा पडलेला असतो. शाईचं पॅड वाळून गेलंय. तक्रार नाही, दमलोच होतो. गोष्टी लिहिणाऱ्यांनो, आमच्यासारख्यांना कागदावर दाबताना जरा विचार करत जा, एवढंच मागणं. सगळेच काही बाईंसारखे नसतात. ज्या वाक्यावर श्रीपादरावांनी बिनशिक्क्याचे कागद तसेच पिशवीत घातले, ते बाईंचंच:

“श्रीपादराव, आठ वर्षांनी दोघी बहिणी शेजारी शेजारी जेवायला बसल्यात, आणि भरल्या ताटावरून माणसाला उठवायची आपल्यात रीत नाही.”